पातेऱ्यातून आलेला ताप: दोडामार्गातल्या एका वाडीचं प्रकरण

माकडतापाच्या साथीतला पहिला रुग्ण शोधायला दवाखान्याचं रजिस्टर उघडलं, तर तो तिथे सापडेलच असं नाही. पुष्कळदा तो माणूस नसतोच. काजूच्या बागेच्या वरच्या अंगाला, ऐन-किंजळीच्या सावलीत एखादं वानर मरून पडलेलं असतं. त्याचा वास चार जणांना येतो, पण नोंद कुठल्याच वहीत होत नाही. इथे मांडलेल्या प्रकरणात नेमकं हेच झालं. मी पशुवैद्यक आहे, माणसांच्या तापाशी माझा सरकारी संबंध नाही. तरीही हे प्रकरण मला मांडावंसं वाटतं, कारण त्याचा पहिला धागा माणसांच्या दवाखान्यात आला नाही, गुरांच्या दवाखान्यात आला.

वाडीचं नाव आणि माणसांची नावं देत नाही. तालुका दोडामार्ग, जिल्हा सिंधुदुर्ग आणि २०१६ च्या मोठ्या साथीनंतरचा एक काजूचा हंगाम, एवढं पुरेसं आहे.

आजाराची पूर्वपीठिका

माकडतापाचं शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे केएफडी. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने आजारी पडू लागली. पुण्यात १९५२ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून व्हायरस रिसर्च सेंटर सुरू केलं होतं. आज आपण तिला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही म्हणतो. तिथले शास्त्रज्ञ शिमोग्यात गेले तेव्हा पहिला संशय पीतज्वराचा होता, कारण माकडं आणि माणसं एकाच वेळी मारणारा तोच रोग तेव्हा ठाऊक होता. विषाणू हाती लागला तो मात्र रशियातल्या, गोचिडीमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या कुळातला निघाला. मग स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींबरोबर तो उत्तरेकडून आला असेल का, असा प्रश्न उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांना वळी घालण्याचं मोठं काम हाती घेतलं, त्यामागे हे एक कारण होतं. पक्ष्यांनी हा विषाणू आणला हे काही सिद्ध झालं नाही, पण भारतातल्या पक्ष्यांच्या स्थलांतराबद्दल आज आपल्याला जे ठाऊक आहे त्यातला बराच भाग या तापाच्या शोधातून आला. एक साथ अभ्यासायला निघालेल्या माणसांना किती लांबवर बघावं लागतं, हे मला त्यात फार महत्त्वाचं वाटतं.

पुढची अनेक दशकं हा आजार कर्नाटकाच्या पाच-सहा जिल्ह्यांपुरता मानला जात होता. २०१२ मध्ये बंदीपूरच्या बाजूला, मग नीलगिरी, वायनाड असा तो दक्षिणेकडे दिसू लागला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाळी गावात आला. तिथून दोडामार्गापर्यंत जंगल सलग आहे. जानेवारी २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात केर आणि आसपासच्या गावांत ताप सुरू झाला, मे महिन्यापर्यंत शंभराहून अधिक रुग्ण प्रयोगशाळेत पक्के झाले, आणि महाराष्ट्रात माकडताप आहे हे सगळ्यांना कळलं. पुढच्याच वर्षी तो सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या परिसरात पोहोचला.

रोग झालेल्या शंभरांतले साधारण तीन ते पाच दगावतात. ताप एकदम चढतो. डोकं फुटेल असं दुखतं, कंबर आणि पोटऱ्या धरतात, डोळे लाल होतात, उलट्या होतात. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स दोन्ही खाली येतात. बहुतेक जण आठवडा-दोन आठवड्यांत उठतात. दहा-वीस टक्क्यांना मात्र मध्ये बरं वाटून पुन्हा ताप येतो, आणि या दुसऱ्या फेरीत मान ताठणं, हात थरथरणं, बोलण्यात गोंधळ होणं अशी मेंदूची लक्षणं दिसतात. विषाणूवर थेट औषध नाही. पाणी, सलाइन, पॅरासिटामॉल आणि रक्तस्रावाकडे लक्ष, एवढाच उपचार आहे. या तापात अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन किंवा तत्सम गोळी घेणं धोक्याचं. हे मुद्दाम लिहितो, कारण काजूच्या दिवसांत दुकानातून गोळी आणून कामावर जाणारी माणसं मी रोज बघतो.

वाडी आणि तिचे दिवस

वाडी डोंगराच्या पायथ्याला आहे. खाली भातशेती आणि नारळ-सुपारी, त्याच्या वर काजू, आणि काजू संपला की सरळ जंगल. अलीकडे मध्ये रबराच्या आणि अननसाच्या लागवडी आल्या आहेत, त्यामुळे जंगलाची कड पूर्वीसारखी एका रेषेत राहिलेली नाही. बागेच्या आत जंगलाचे तुकडे आहेत आणि जंगलाच्या आत बागा. केएफडीच्या धोक्याचे नकाशे करणाऱ्या संशोधकांनी पश्चिम घाटात जे पाहिलं ते इथे डोळ्यांनी दिसतं: सदाहरित जंगल आणि लागवड जिथे एकमेकांत मिसळतात आणि देशी गुरं जास्त असतात, तिथे धोका वाढतो.

फेब्रुवारी ते मे हा काजूचा हंगाम. सकाळी उजाडताच बागेत जायचं, पडलेली बोंडं गोळा करायची, बी पिळून वेगळी करायची, दुपारी मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, किंवा झाडाखाली पातेऱ्यावरच, म्हणजे गळून पडलेल्या सुक्या पानांवरच, अंग टाकायचं. याच दिवसांत भाजावळीसाठी, म्हणजे शेतजमीन भाजायला, कवळं (पाल्याच्या डहाळ्या) तोडायची, पावसाळ्याची फाटी, म्हणजे सरपण, भरून ठेवायची आणि गोठ्यासाठी पातेरा आणायचा. आणि याच दिवसांत हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या गोचिडीचे निम्फ, म्हणजे मधल्या अवस्थेतली पिल्लं, जमिनीवरच्या पानांत सर्वांत जास्त असतात. माणसाला चावतात ते मुख्यतः हेच. वर्षभराची कमाई आणि वर्षभराचा धोका एकाच महिन्यांत एकत्र येतात. त्यामुळे ‘जंगलात जाऊ नका’ हा सल्ला या वाडीत कुणी मनावर घेणार नाही, आणि घ्यावा असं त्यांना सांगायची माझी हिंमत होत नाही.

पहिली खबर

महाशिवरात्र होऊन आठवडा झाला होता. गाईला गोचीड झालेत म्हणून औषध न्यायला एक बागायतदार आले. औषध घेऊन निघता निघता म्हणाले, “डॉक्टरानू, गोरवांका तसा काय झालेला नाय. पण आमच्या वाडयेत तापान माणसां पडली हत. आनी वर बागेत वांदर मेललो, तेचा कोणाक काय पडलेला नाय.”

ही दोन वाक्यं त्यांनी एका दमात म्हटली. त्यांच्या मनात त्यांचा संबंध होता की नाही, मला माहीत नाही. २०१६ पासून तालुक्यात प्रत्येकाने माकडताप हा शब्द ऐकलेला आहे, तरीही तापाची तक्रार एका खात्याकडे आणि मेलेल्या वानराची दुसऱ्याकडे, अशी सवय माणसांच्या अंगवळणी पडली आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन केला. वाडीतले तीन-चार तापाचे रुग्ण त्यांच्याकडे येऊन गेले होते. मलेरियाची काच निगेटिव्ह, डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) विचार त्यांनी केला होता, पण लेप्टो आपल्याकडे भातलावणीच्या दिवसांत येतो, सुक्या फेब्रुवारीत नाही. वानराचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते ऐकताच त्यांनी त्याच दिवशी रक्ताचे नमुने घ्यायचं ठरवलं. त्यांची ही तत्परता पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरली.

इथे एक कडू गोष्ट नोंदवावी लागते. वानर मेल्याचं त्या बागायतदारांनी आधीच एका कार्यालयात कळवलं होतं. “हा विषय आमच्याकडे येत नाही,” एवढं उत्तर मिळालं आणि फोन ठेवला गेला. कुणाकडे येतो, हे सांगितलं गेलं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मेलेलं वानर ही सरकारची मालमत्ता. त्याला हात लावायचा तर वनखात्याची परवानगी हवी, चिरफाड करायची तर पशुवैद्यक हवा, आणि त्याच्या मरणाचा अर्थ लावायचा तर आरोग्य खातं हवं. तिघांना एकाच वेळी कळलं नाही तर ते वानर फक्त कुजतं.

तारखा जुळवताना

साथीच्या अभ्यासात पहिलं काम असतं यादी करण्याचं: कोण, कुठे, केव्हा. ‘केव्हा’ हा यातला सर्वांत अवघड भाग. वाडीत कुणी तारीख सांगत नाही. वानराचा वास कधी आला? “माघी गणपतीच्या आदी.” ताप कधी भरला? “शिवरात्रीच्या उपासाक माका उठाक होय नव्हता.” हंगामाची पहिली बी विकायला नेली त्याच्या आधी की नंतर? देवळातल्या सप्त्याच्या आधी की नंतर? असं विचारत विचारत आरोग्यसेवक आणि आशाताईंनी प्रत्येक रुग्णाची तारीख कॅलेंडरवर बसवली. आशाताईंचं हे काम मी जवळून पाहिलं. त्यांना प्रत्येक घरचं लग्न, बारसं, कार्य माहीत असतं, आणि बोलणाऱ्याची तारीख चुकली की त्या तिथल्या तिथे पकडतात: “नाय गे, तेव्हा तुझी लेक माहेराक इल्ली.”

जुळवलेलं चित्र असं होतं. माघी गणपतीच्या सुमारास वरच्या बागेत वानर मेलं. तीन आठवड्यांच्या आत, त्याच बागेत बी गोळा करणाऱ्या एका मजुराला ताप आला. विषाणू अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत साधारण तीन ते आठ दिवस जातात, म्हणजे त्याला गोचीड चावली ती बहुधा वानर मेल्यानंतर. त्याच्यामागोमाग त्याच बागेतले आणखी दोघे. मग खालच्या घरांतले.

वानर मेलं की त्याच्या अंगावरच्या शेकडो गोचिडी खाली उतरतात. त्यातल्या अळ्या रक्त पिऊन फुगलेल्या असतात. त्या पानांत कात टाकून निम्फ होतात आणि अळीने घेतलेला विषाणू निम्फमध्ये टिकून राहतो. म्हणून मेलेल्या वानराच्या भोवतालची जमीन पुढचे काही आठवडे सर्वांत धोकादायक राहते. ज्या दिवशी वास आला त्याच दिवशी ती जागा बंद झाली असती, तर त्या बागेतली माणसं कदाचित आजारी पडली नसती. ‘कदाचित’ हा शब्द मी शास्त्रापुरता ठेवतो. मनातून मला त्याबद्दल शंका नाही.

तो पहिला मजूर दगावला. ताप अंगावर काढून तो कामावर जात राहिला, नाकातून रक्त आल्यावर त्याला गोव्यात हलवलं, तिथे दोन दिवसांनी तो गेला. त्याचं रक्त केएफडीसाठी तपासायला जाण्याआधीच हे झालं. त्यामुळे यादीत तो आजही ‘संशयित’ आहे, पक्क्या रुग्णांच्या आकड्यात नाही. त्याच्या बायकोने मला विचारलं की मग तो कशाने मेला असं लिहिलंय. तिला खरं उत्तर देणं, म्हणजे काय ठाऊक आहे आणि काय तपासलं गेलं नाही हे दोन्ही सांगणं, हे यादी करण्याइतकंच अभ्यासाचं काम आहे असं मी मानतो.

न जुळणारी आजी

यादीतल्या एका नावाने सगळ्यांना अडवलं. सत्तरीच्या पुढची एक आजी. गुडघ्यांनी जेरीस आलेली, काठी घेऊन खळ्यापर्यंत, म्हणजे अंगणापर्यंत, येणारी. बागेत जाणं बंद होऊन वर्षं झाली होती. तिला ताप, लाल डोळे, उलट्या, सगळं होतं. तिचा नमुना पुण्याहून पॉझिटिव्ह आला तेव्हा आरोग्य केंद्रात पहिली प्रतिक्रिया अशी होती की नळ्यांची अदलाबदल झाली असेल. पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तेच.

माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही. मग आजीला कुठून? ती स्वतःच मला म्हणाली, “बाबा, माझो पाय खळ्याभायर पडूक नाय. माका खयसून इलो ह्यो ताप?”

उत्तर तिच्या मागेच होतं. गोठ्याच्या कुडाला टेकून पातेऱ्याचा कमरेइतका ढीग. सून दर दोन दिवसांनी वरच्या बागेतून पातेऱ्याचा भारा आणायची, आणि आजी संध्याकाळी ढिगाजवळ बसून, हातांनी पातेरा सैल करून गुरांखाली पसरायची. घरात बसून होण्यासारखं तेवढंच काम तिच्याकडे राहिलं होतं.

हे काही आमचं नवं संशोधन नव्हे. शिमोग्यातल्या २०११-१२ च्या साथीच्या अभ्यासात घराच्या आवारात सुक्या पानांचे ढीग असणं हा धोका म्हणून पुढे आलेला आहे. पण वाचलेलं असणं वेगळं आणि त्या ढिगावर पांढरं कापड ओढणं वेगळं.

कापड ओढायची रीत साधी आहे. मीटरभर पांढऱ्या फ्लॅनेलच्या एका कडेला काठी, काठीला दोरी. ते पानांवरून हळू ओढत न्यायचं, काही पावलांनी उलटून बघायचं. गोचीड माणसाच्या किंवा जनावराच्या चाहुलीने पानाच्या टोकाशी येऊन पुढचे पाय पसरून वाट बघत असते. कापड लागलं की त्याला पकडते. पहिल्यांदा बघणाऱ्याला कापडावर काहीच दिसत नाही. मग लवेत एक तपकिरी ठिपका सरकतो. तिळाहून बारीक. भिंगाखाली आठ पाय मोजता येतात, म्हणजे निम्फ. सहा असते तर अळी. चिमट्याने तो उचलायचा, दाबायचा नाही, आणि नळीत टाकायचा. मेलेल्या वानराच्या जागेभोवती, मांगराच्या दारात, बागेतल्या पायवाटेवर आणि आजीच्या ढिगावर आम्ही कापड ओढलं. वानराच्या जागेवर निम्फ भरपूर. मांगराच्या दारात थोडे. आजीच्या ढिगाच्या वरच्या, वाळलेल्या थरात काही नाही. पण हात कोपरापर्यंत घालून (हातमोजे आणि बाह्या चिकटपट्टीने बांधून) आतला ओलसर पातेरा बाहेर काढून पसरला, तेव्हा त्यातून निम्फ चालत कापडावर आले.

सुनेलाही विचारलं. तिला महिन्यापूर्वी चार दिवस कणकण होती, दुकानातली गोळी घेतली, काम थांबवलं नाही. तिच्या रक्तात केएफडीचं आयजीएम, म्हणजे नुकत्याच होऊन गेलेल्या संसर्गाची खूण असलेलं प्रतिपिंड, सापडलं. म्हणजे वाडीच्या यादीत तिचं नाव आजीच्या आधी यायला हवं होतं, आणि तपासलं नसतं तर कधीच आलं नसतं.

नमुने आणि त्यांचे अर्थ

पहिलं वानर आमच्या हाती लागेपर्यंत हाडं आणि कातडं उरलं होतं. पण पोलीस पाटलांनी त्यानंतर वाडीत निरोप फिरवला, आणि काही दिवसांनी ओहोळाच्या काठी लाल तोंडाचं एक माकड मेलेलं दिसल्याचं सकाळीच कळलं. वनरक्षक दुपारपर्यंत आले. चिरफाड जागेवरच केली. माकड गावात आणायचं नाही, कारण वाटेभर गोचिडी सांडतात. पूर्ण पोशाख, दुहेरी हातमोजे, चष्मा. मेंदू, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड यांचे तुकडे घेतले, तिहेरी वेष्टनात बर्फावर ठेवले आणि पुण्याला पाठवले. नंतर देह जाळला आणि भोवतालच्या जमिनीवर पन्नास मीटरपर्यंत मॅलेथिऑन या कीटकनाशकाची भुकटी मारली. माकडाचा नमुना पॉझिटिव्ह आला.

गोचिडींचे गट मात्र निगेटिव्ह आले. त्यावरून वाडीत लगेच चर्चा झाली की आता जंगल साफ आहे. तसा अर्थ काढता येत नाही. अशा जागीसुद्धा विषाणू असलेल्या गोचिडी हजारांत थोड्या असतात. आम्ही पकडल्या त्यात ती नव्हती, एवढंच त्यातून कळतं. पॉझिटिव्ह आल्यास खात्री होते, निगेटिव्ह आल्यास काहीच मिटत नाही, हे लोकांना पटवून देणं मला चिरफाडीपेक्षा जड गेलं.

माणसांच्या रक्ताबाबत वेळेचं गणित महत्त्वाचं. तापाच्या पहिल्या दिवसांत विषाणू रक्तात असतो, तेव्हा आरटीपीसीआर उपयोगी. पाचव्या दिवसानंतर तो कमी होत जातो आणि आयजीएम दिसू लागतं. नळीवर ताप सुरू झाल्याचा दिवस लिहिलेला नसेल तर कुठली तपासणी लावायची हे प्रयोगशाळेला कळत नाही. माघी गणपती आणि शिवरात्र यांच्यामधले दिवस मोजण्यात आशाताईंनी घालवलेला वेळ इथे कामी आला.

गुरांबद्दलचा गैरसमज

देवळासमोर बैठक झाली तेव्हा दोन मागण्या पुढे आल्या: माकडं हाकलून द्या, आणि गोठ्यांवर फवारणी करा.

माकडं हाकलणं हा सर्वांत घातक उपाय आहे. कळप घाबरून दुसऱ्या डोंगरावर गेला की अंगावरच्या गोचिडीही तिथे जातात. नारळांच्या नुकसानीमुळे लोकांचा माकडांवर राग आहे, तो मी समजू शकतो. पण या आजारात माकड आपल्याआधी मरतं, आणि त्यामुळेच आपल्याला सावध व्हायला वेळ मिळतो.

गोठ्याचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. गाईच्या कासेवर, कानात फुगलेली जी गोचीड रोज दिसते ती बहुतांशी वेगळ्या जातीची, आयुष्यभर एकाच जनावरावर राहणारी. तिच्यावर फवारणी केल्याने गाईचं भलं होतं, माकडतापाचं काही बिघडत नाही. माकडतापाची गोचीड तीन आश्रय बदलते: अळी आणि निम्फ उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकडं यांच्यावर, आणि प्रौढ झाल्यावर गवे, सांबर आणि जंगलात चरणारी गुरं यांच्यावर. गुरं स्वतः या रोगाने आजारी पडत नाहीत. पण प्रौढ मादी पावसाळ्यात गाईचं रक्त पिऊन गळते, हजारो अंडी घालते, आणि पुढच्या हंगामाची पिढी तिथून उभी राहते. म्हणून जनावरांवर औषध लावायचंच तर पावसाच्या तोंडावर आणि पावसात, तेही जंगलात चरणाऱ्या जनावरांना. मार्चमध्ये, साथ पेटलेली असताना, सगळ्या गोठ्यांत फवारणी केली की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि औषधाचा साठा चुकीच्या महिन्यात संपतो. हे मी बैठकीत स्पष्ट बोललो आणि काही जण नाराज झाले.

काय केलं, काय जमलं नाही

गोचिडी दूर ठेवायला अंगाला लावायचं डीएमपी तेल वाटलं. ते उपयोगी आहे, पण उन्हात घाम आला की दोन-तीन तासांत पुन्हा लावावं लागतं, आणि त्याचा वास व चिकटपणा कुणाला आवडत नाही. बागेत बाटली नेणारे थोडे, सकाळी घरी एकदा लावून निघणारे जास्त. मजुरांना बाटली मुकादमाने बागेतच द्यावी आणि न्याहारीच्या सुट्टीत पुन्हा लावून घ्यावी, हे दोन बागांत सुरू झालं आणि टिकलं. पूर्ण बाह्या आणि मोज्यात खोचलेली पँट पुरुषांनी मानली. साडी नेसणाऱ्या बायकांसाठी आमच्याकडे नीटसा उपाय नव्हता. शेवटी जुन्या लेगिंग्ज साडीखाली घालायची युक्ती त्यांनीच काढली. घरी आल्यावर कपडे उकळत्या पाण्यात आणि गरम पाण्याने अंघोळ, हे सगळ्यांनी लगेच स्वीकारलं.

लशीबद्दल प्रत्येक बैठकीत विचारलं जातं. कर्नाटकात वर्षानुवर्षं वापरलेली लस कोंबडीच्या गर्भपेशींत वाढवून निष्क्रिय केलेल्या विषाणूची होती. एका महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, मग सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर आणि पुढे दरवर्षी. २००५ ते २०१० च्या माहितीवरून दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के आणि बूस्टरसह सुमारे ८३ टक्के संरक्षण दिसलं होतं. नंतर तिची ताकद घटत गेली आणि २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. नव्या लशीवर काम चालू आहे. तोवर या वाडीच्या हातात तेल, कपडे आणि वेळेवर मिळालेली खबर एवढंच आहे.

पातेऱ्याचा प्रश्न अर्धाच सुटला. गोठ्यात पेंढा वापरा, असं सांगणं सोपं आहे. पण वाडीतला पेंढा मार्चपर्यंत गुरांच्या पोटात गेलेला असतो आणि विकत घ्यायचा तर महाग. रोपवाटिकेच्या भाजणीलाही पातेरा लागतोच. शेवटी तडजोड अशी झाली: वरच्या बागेचा, म्हणजे जंगलाला लागून असलेला पातेरा हंगामात आणायचा नाही, फक्त खालच्या आंब्या-फणसाखालचा आणायचा; ढीग घरापासून आणि गोठ्यापासून लांब, कडक उन्हात पातळ पसरून ठेवायचा; आणि तो म्हाताऱ्या माणसांनी किंवा मुलांनी हाताळायचा नाही. पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच घरांत होतात. तिसरी होत नाही, कारण सकाळपासून बागेत असलेल्या सुनेला संध्याकाळी दुसरं कुणी मदतीला नसतं.

आजीला ताप उतरल्यावर दहा-बारा दिवसांनी दुसरी फेरी आली. हात थरथरू लागले, रात्री माणसं ओळखेना. आरोग्य केंद्राने घरच्यांना ही शक्यता आधीच सांगून ठेवली होती, त्यामुळे ‘बाहेरचं’ काही समजून दिवस घालवण्याऐवजी तिला लगेच दवाखान्यात नेलं. ती बरी झाली, थरथर मात्र थोडी राहिली आहे.

त्यानंतर पोलीस पाटलांच्या घरी एक साधी वही ठेवली आहे. मेलेलं किंवा सुस्त बसलेलं माकड दिसलं की जागा आणि वेळ तिच्यात लिहायची आणि वनरक्षक, आरोग्य केंद्र व माझा दवाखाना अशा तिन्ही ठिकाणी फोन करायचा. कुणी ‘आमचा विषय नाही’ म्हटलं तरी उरलेल्या दोघांना करायचाच. नोव्हेंबरच्या अखेरीस, अळ्या निम्फ होऊ लागतात तेव्हा, आम्ही तिघेही ती वही एकत्र बसून वाचतो आणि मग कापड कुठे ओढायचं ते ठरवतो. गेल्या हंगामात तिच्यातल्या एका नोंदीवरून दुसऱ्या दिवशी नमुना पुण्याला गेला. तो निगेटिव्ह आला. बागेचा तेवढा तुकडा तरीही पंधरा दिवस रिकामा ठेवला, आणि मालकाने त्या दिवसांची मजुरी मजुरांना खालच्या बागेत काम देऊन भरून काढली.